आईचा खांदा मोडलाय, हल्ली ऑपरेशनच करतात ना?

तुमची आई 72 वर्षांची, सर्जन म्हणतात झोळीत हात ठेवा, आणि तुम्हाला वाटतंय ते टाळाटाळ करताहेत. तसं नाही. आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

माझी आई बाथरूममध्ये पडली. दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडून सरकलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी झोळी आणि दोनेक आठवड्यांनी व्यायाम सांगितला. दादा माझ्यावर उखडला, "आईच्या बाबतीत पैसे वाचवतोस?" त्या एका वाक्यावर मी गप्प बसलो. दुसरीकडे लॉकिंग प्लेट, म्हणजे हाडाला स्क्रूंनी घट्ट बसणारी धातूची पट्टी, घातली. एक्स-रे सुरेख दिसत होता, दादाने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. चार महिन्यांनी हात उचलताना आतून खरखर ऐकू यायला लागली. दंडाच्या ठिसूळ हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा खचला होता आणि स्क्रूची टोकं सांध्यात येऊन, गोळा जिथे बसतो ती खोबण खरवडत होती. प्लेट काढली. मग तिसऱ्यांदा भूल देऊन रिव्हर्स (उलट्या रचनेचा कृत्रिम) सांधा बसवला.

ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवर ऑपरेशन आणि झोळी यांची तुलना झाली, निष्कर्ष 2015 मध्ये आले. हात किती चालतो यात दोन वर्षांनी फरक नाही, पाच वर्षांनीही नाही. हे मी दादाला दाखवलं, तर म्हणाला, "ते लोक वेगळे, आई वेगळी." दादा, आईचं फ्रॅक्चर त्यातल्यासारखंच होतं.

त्या वयात ऑपरेशन करावंच लागलं, तर माझं मत प्लेटपेक्षा रिव्हर्सला. त्यात गोळा खोबणीच्या जागी आणि खोबण गोळ्याच्या जागी जाते, त्यामुळे फाटक्या रोटेटर कफऐवजी (सांध्याभोवतीचे छोटे स्नायू) डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, हात उचलतो. नॉर्वेत 65 ते 85 वयाच्या, हाड खूप सरकलेल्या रुग्णांत दोन वर्षांनी रिव्हर्सचे हात प्लेटपेक्षा चांगले चालत होते. अर्धा सांधा, म्हणजे फक्त गोळा, बदलणं मागे पडलंय, कारण कफ जिथे चिकटतो ते हाडाचे उंचवटे नीट जुळले नाहीत तर हात वर जातच नाही.

मात्र सांधा निखळला असेल, गोळाच दुभंगला असेल, हाड कातडीबाहेर आलं असेल किंवा रुग्ण तरुण असेल, तर माझं वरचं काही लागू नाही. ब्रिटनच्या अभ्यासात सांधा निखळलेले रुग्ण घेतलेच नव्हते. तुमच्या आईचं फ्रॅक्चर यातलं आहे का, एवढं सर्जनना विचारा.

बोटं, मनगट आजपासून हलवायला लावा. आणि हाडांची घनता तपासून घ्या. आमच्याकडे प्लेट निघेपर्यंत ती तपासायचं कोणालाच सुचलं नाही, ना दादाला, ना मला.