फळं आणि नारळ घातलं म्हणजे डेझर्ट हेल्दी का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे सध्या थाई मँगो स्टिकी राइसचं वेड लागलंय. मैदा नाही, बटर नाही, नुसता आंबा, भात नि नारळाचं दूध, मग रोज खाल्लं तर काय बिघडतं, असं लेकीचं म्हणणं. आणि ताजा अननस घालून जेली केली तर ती सेटच होत नाही, असं का?

उत्तर : लेकीचं निम्मं बरोबर आहे. आंब्याला नावं ठेवायला फारशी जागा नाही, १०० ग्रॅममागे साधारण ६० कॅलरी, व्हिटॅमिन सी भरपूर आणि वर बीटा कॅरोटीन, जे अंगी लागायला जरा फॅट लागतं आणि ते नारळाच्या दुधातून मिळतं, म्हणजे जोडी छान जमलीय. पण जरा म्हणजे जराच हो! दाट नारळाच्या दुधात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास फॅट, त्यातलं बहुतेक सॅच्युरेटेड. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने दिवसाच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅटमधून येऊ नयेत, २००० कॅलरी धरल्या तर झाले साधारण २२ ग्रॅम, मग भातावर अर्धा कप दूध ओतलं की कोटा जवळपास संपलाच, जेवण अजून बाकीच. नारळाचं फॅट चालतं असं कोणीतरी सांगेलच, पण त्यातलं लॉरिक ॲसिड हे फॅट एचडीएल म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलबरोबर एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही वाढवतं. वर साखर आहेच. तेव्हा रोज नको, आठवड्यातून एकदा छोटी वाटी, त्यात आंबा जास्त नि भात कमी.

एक मात्र थाई लोकांकडून घ्याच. ते नारळाच्या दुधात मीठ घालतात, वरून ओततात ते दाट दूध तर चक्क खारट लागतं, त्याने आंब्याची गोडी अशी उठून येते की साखर कमी पडली तरी कळत नाही. (लेकीला विचारा, २०२२ मध्ये थाई रॅपर मिलीने अमेरिकेत कोचेला या संगीत महोत्सवाच्या स्टेजवर हाच पदार्थ खाल्ला नि तिकडे थायलंडमध्ये ऑर्डरींची झुंबड उडाली, वेड तिथूनच आलं असेल तर नवल नाही!)

आता जेली. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जिलेटिनमधलं प्रोटीनच तोडून टाकतं, मग फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा नाहीतर दोन दिवस. पपई आणि किवीचंही तेच. अननस आधी पाच-दहा मिनिटं चांगला उकळून घ्या किंवा डब्यातला वापरा, नाहीतर सरळ चायना ग्रास घ्या, त्यात प्रोटीनच नाही त्यामुळे ब्रोमेलेनचं त्याच्यापुढे काही चालत नाही.