सही करण्याआधी एक पायलट शोधा

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. लेक अकरावीत आहे, जन्म इथलाच. तिला एअरलाइन पायलट व्हायचंय. आमच्या नात्यात, ओळखीपाळखीत इंजिनिअर ढीगभर, पायलट एकही नाही. तिचे बाबा म्हणतात, ‘सावळ्या मुलीला इथे कॉकपिटमध्ये कोण बसवणार? बसवलीच तर लोक म्हणतील, रंग बघून घेतली.’ एका फ्लाइंग स्कूलने कर्जाचे कागद पाठवलेत. सही करू का?
– एक आई

उत्तर : ताई, सही आत्ता नको. कारण सांगते, पण आधी तिच्या बाबांचं.

त्यांची भीती उगाच नाही. अमेरिकेत शंभर पायलटांमागे नव्वदच्या आसपास आजही गोरेच आहेत. एअरलाइनचं लायसन असलेल्यांत बायका जेमतेम पाच टक्के. (आपल्याकडे भारतात बारा टक्क्यांच्या वर! सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्येच सगळा महिला क्रू घेऊन विमान नेलं होतं. हे बाबांना जेवताना सांगा.)

त्यांना मार्लन ग्रीनचीही गोष्ट सांगा. हा कृष्णवर्णीय पायलट. १९५७ मध्ये हवाई दल सोडून त्याने कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सकडे अर्ज केला. वंशाचा रकाना कोरा ठेवला, फोटो लावला नाही. अनुभव बघून त्याला डेन्व्हरला चाचणीला बोलावलं आणि नोकरी दिली गोऱ्या उमेदवारांना, ज्यांचे उड्डाणाचे तास त्याच्याहून कमी होते. तो हटला नाही. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला, तरी प्रत्यक्ष नोकरी लागायला १९६५ उजाडलं. पुढे त्याच कंपनीने एका बोइंगला त्याचं नाव दिलं ते २०१० मध्ये. तोवर तो हयात नव्हता.

म्हणजे तुमच्या लेकीला कोर्टाची पायरी चढायची नाहीये. ते काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय. तिची अडचण वेगळी आहे. पायलटांच्या घरातल्या पोरांना जे जेवणाच्या टेबलावर आयतं कळतं, ते तिला सांगणारं घरात कुणी नाही. बेसी कोलमन ही शंभर वर्षांपूर्वीची कृष्णवर्णीय मुलगी. तिला अमेरिकेतली एकही शाळा विमान शिकवायला तयार नव्हती. तेव्हा शिकागोतल्या एका वर्तमानपत्राचे मालक रॉबर्ट ॲबट यांनी तिला सुचवलं, फ्रान्सला जा. ती फ्रेंच शिकली, गेली आणि १९२१ मध्ये लायसन घेऊन आली. जिद्द तिचीच, पण कुठे जायचं हे सांगणारं माणूस भेटलं म्हणून ती कामी आली.

आता कर्ज. एखादा पायलट पहिला प्रश्न विचारेल तो मेडिकलचा. फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे एअरलाइन पायलटला लागणारं आरोग्य प्रमाणपत्र, हातात येईपर्यंत एक डॉलरही भरू नका. रंगांधळेपणा, लहानपणी एकाग्रतेसाठी घेतलेल्या गोळ्या, नैराश्याचे उपचार, यांवर प्रकरण महिनोन्‌महिने अडकू शकतं. तोवर कर्जाचं व्याज थांबत नाही.

दुसरं, खर्च लाख डॉलरच्या आसपास जातो, आणि कोर्स संपला की नोकरी, असं नसतं. कमर्शियल लायसन साधारण २५० तासांना मिळतं, एअरलाइनला लागतात १५००. २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर हा नियम आला. मधले तास बहुतेक जण इन्स्ट्रक्टर म्हणून दुसऱ्यांना शिकवत भरतात, फुटकळ पगारावर. मान्यताप्राप्त विद्यापीठातून एव्हिएशनची पदवी घेतली तर १००० तास पुरतात आणि वयाची अटही २३ वरून २१ वर येते. म्हणून शाळा निवडण्याआधी हे गणित वहीवर मांडा. ज्यांनी कागद पाठवले, त्यांनी ते मांडून दिलंय का बघा.

‘रंग बघून घेतली’ असं लोक म्हणतील, हो. म्हणू देत. चेकराइडला, म्हणजे लायसनच्या प्रत्यक्ष उड्डाण परीक्षेला, परीक्षक इंजिन बंद पडल्याचं नाटक करतो तेव्हा विमान सांभाळावंच लागतं, आडनाव काहीही असो. पण हे टोमणे पचवायचे कसे, हे मी तुम्हाला शिकवू शकत नाही. ते ज्यांनी ऐकलेत त्यांच्याकडेच जायला हवं.

त्यासाठी ओबॅप. कृष्णवर्णीय एअरलाइन पायलटांनी १९७६ मध्ये सुरू केलेली ही संघटना शाळकरी मुलांसाठी उन्हाळी शिबिरं घेते. ‘ते त्यांचं, आपलं नाही’ म्हणून आपली मंडळी तिथे जायला बिचकतात. माझ्या मते हा निव्वळ करंटेपणा आहे. शिवाय नाइन्टी-नाइन्स ही १९२९ पासूनची महिला पायलटांची संस्था आहे. ती शिष्यवृत्त्याही देते. ओळख झाली की मदत मागायला लेकीला स्वतः बोलू द्या, तुम्ही मागे बसा.

आणि सगळ्यात आधी यंग ईगल्स. आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना स्वयंसेवक पायलट आपल्या छोट्या विमानातून फुकट फिरवून आणतात. लेक सतरा ओलांडायच्या आत जवळच्या विमानतळावर तिचं नाव नोंदवा. ती खाली उतरली की त्या पायलटला कॉफी पाजा आणि कर्जाचे ते कागद त्याच्यापुढे ठेवून विचारा, ‘तुमची मुलगी असती तर?’