मूळ फंक्शन न बदलता डीफॉल्ट बदलताना

प्रश्न: पावसाच्या नोंदींची सरासरी काढताना आर या संगणकीय भाषेत दर वेळी ‘एनए.आरएम = ट्रू’ (‘एनए’, म्हणजे नोंद नसलेल्या किमती, वगळा) लिहावे लागू नये, म्हणून मी ‘फंक्शन(...) मीन(..., एनए.आरएम = ट्रू)’ असे रॅपर फंक्शन (सरासरी काढणाऱ्या मूळ ‘मीन’ला आत गुंडाळणारे नवे फंक्शन) केले. मात्र एका ठिकाणी ‘एनए.आरएम = फॉल्स’ दिल्यावर एरर आला. हे का होते? रॅपरला ‘मीन’ हेच नाव दिले तर चालेल का?

उत्तर: तुमच्या रॅपरमध्ये ‘ट्रू’ हे डीफॉल्ट (काहीच न दिल्यास आपोआप लागू होणारी किंमत) राहिलेलेच नाही, ते कायमचे ठरून गेले आहे. तुम्ही दिलेले ‘फॉल्स’ तीन टिंबांतून (‘...’, म्हणजे उरलेले सगळे आत पाठवणारी जागा) आत जाते, तिथे आधीच लिहिलेले ‘ट्रू’ असते आणि एकाच आर्ग्युमेंटला (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या घटकाला) दोन किमती मिळाल्याने आर थांबते. म्हणून बदललेली किंमत फंक्शनच्या कंसातच मांडावी: ‘फंक्शन(एक्स, ..., एनए.आरएम = ट्रू) मीन(एक्स, ..., एनए.आरएम = एनए.आरएम)’. (संगणकावर ही नावे रोमन लिपीत टंकावीत.) आता 4, एनए आणि 8 यांची सरासरी 6 येईल, आणि ‘फॉल्स’ दिल्यास एनए मिळेल.

एनए.आरएम हे टिंबांच्या नंतरच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते आधी ठेवले आणि कोणी टोकाच्या किमती छाटण्यासाठी दुसऱ्या जागी नुसते 0.1 लिहिले, तर ते ‘ट्रिम’पर्यंत न पोहोचता एनए.आरएममध्ये जाऊन बसते. टिंबांनंतरच्या आर्ग्युमेंटचे नाव मात्र पूर्ण लिहावे लागते; ‘एनए = फॉल्स’ असे अर्धवट लिहिल्यास ते कोणतीही सूचना न देता दुर्लक्षिले जाते.

‘मीन’ हे नाव देऊ नये. एक तर आतला ‘मीन’ स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहील. ‘बेस::मीन’ (आरमधला मूळ ‘मीन’) लिहून ते टाळले, तरी तुमच्या स्क्रिप्टमध्ये नवा नियम आणि पॅकेजांच्या आतील फंक्शनांत जुना, अशी स्थिती होईल. सहा महिन्यांनी तीच स्क्रिप्ट वाचणाऱ्याला हा फरक दिसणारही नाही. वेगळे, बोलके नाव द्यावे.

हेच रॅपर बेरीज करणाऱ्या ‘सम’साठी करण्याआधी मात्र विचार करावा. जून ते सप्टेंबरच्या एकूण पावसात नोंद नसलेले दिवस वगळणे म्हणजे त्या दिवशी पाऊस शून्य धरण्यासारखेच आहे. तिथे मूळ डीफॉल्टच ठेवावे, म्हणजे नोंद अपुरी असल्यास उत्तर एनए येईल.