ग्राइंडरने सीटचा फोम घासताना तो फाटतो का?

प्रश्न: नमस्कार सर, माझं बाईकच्या सीटचं दुकान आहे, उंची कमी करायला गिऱ्हाईक बरेच येतात. ग्राइंडरने फोम घासताना कधी एकदम गुळगुळीत येतो तर कधी गुठळ्या निघतात, मधेच चिकट काळपट होतो, आणि घासताना सपाट दिसलेलं हात काढला की वर येतं. कोण म्हणतं स्पीड कमी करा, कोण म्हणतं फोम रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. नक्की काय करू? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: स्पीड कमी करू नका, हाताचा दाब कमी करा. बहुतेक सगळा घोळ दाबाचाच असतो.

फोम म्हणजे बारीक काड्यांची जाळी. डिस्कचा दाणा सावकाश आला तर काडी वाकते, ताणली जाते आणि शेवटी मुळातून तुटते, त्याच तुमच्या गुठळ्या. दाणा जोरात आला तर काडीला वाकायला वेळच मिळत नाही, ती कापली जाते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे मारतो, म्हणजे डिस्कची कड सेकंदाला 55 मीटरच्या वर पळते, एवढा वेग असताना नुसतं टेकवलं तरी पुरतं.

दाबलं की दोन गोष्टी होतात. एक, फोम चेपतो आणि तुम्ही चेपलेला फोम सपाट करता, मग सोडल्यावर तो उसळतो आणि आकार वेगळाच दिसतो. म्हणून फोम बेसवर पक्का बसवून हलके हात मारायचे, दर वेळी डिस्क उचलून, फोम मोकळा होऊ देऊन मगच बघायचं. दुसरं म्हणजे गरमी. फोममधून उष्णता आत फारशी जात नाही, बहुतेक वरच्या थरातच साठते आणि तिथे तो जळून चिकटतो. डिस्क बोथट असेल किंवा धुळीने भरलेली असेल तर हे जास्तच होतं, कारण मग ती कापत नाही, नुसती घासते. सुरुवातीला 24 किंवा 36 नंबरची, म्हणजे जाड दाण्याची डिस्क वापरा, 80 नंबरची बारीक दाण्याची फक्त शेवटी, तीही नुसती फिरवायची. एका जागी थांबायचं नाही. पातळ कडेला डिस्क कडेवरून बाहेर जाईल अशी धरा, समोरून आत शिरली तर कड उचलून गुंडाळली जाते.

सोल्युशनने चिकटवलेल्या जोडावर नीट लक्ष द्या, तिथला थर कडक असतो, आजूबाजूचा फोम आधी जातो आणि मधे वरंबा उरतो, त्यामुळे जोड शक्यतो घासायच्या जागेपासून लांब ठेवा.

फ्रीजरचं म्हणाल तर घरच्या फ्रीजरमध्ये उणे 18 असतं आणि हा फोम खरा कडक व्हायला त्याहून खूपच खाली, साधारण उणे 50 च्या आसपास जावं लागतं. ड्राय आइस किंवा लिक्विड नायट्रोजनने ते जमतं, पण दुकानात त्याची गरज नाही. उलट फ्रीजरमधून काढल्यावर फोमला दव धरतं आणि ओला फोम डिस्क भरवतो.

आणि हे मनापासून सांगतोय, मास्क आणि गॉगल घातल्याशिवाय बसू नका, धूळ फार बारीक असते. जळका वास आला की लगेच थांबा, त्या धुरात सायनाइडचा वायू सुद्धा असतो. सोल्युशन ओलं असताना तर ग्राइंडर सुरूच करायचा नाही आणि लोखंडी बेसला डिस्क लागू द्यायची नाही, ठिणगी पडली तर धूळ आणि सोल्युशनची वाफ दोन्ही पेट घेतात.