जिओकॅशिंग आणि ट्रेझर हंटसाठी भर पावसात टिकणारा डबा कोणता घ्यावा?

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (त्याला ‘कॅश’ म्हणतात) जीपीएसच्या मदतीने शोधून आतल्या वहीत नाव लिहायचा खेळ. तुम्ही विचारलंय की सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर उघड्यावर राहील असा डबा हवा, आत वही आणि मुलांसाठी चिल्लर वस्तू असतील. आणि ‘एअरटाइट’ लिहिलेल्या डब्यातही पाणी कसं शिरलं?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण निवड त्यावरच ठरते. ‘एअरटाइट’ हे स्वयंपाकघरातल्या फळीपुरतं खरं असतं. बाहेर डबा उन्हात ५० अंशांपर्यंत तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी झाकणातल्या रिंगच्या कडेने निसटते. मग अचानक सर येते, डबा २५ अंशांवर उतरतो आणि आतला दाब साधारण ८ टक्क्यांनी कमी होतो. आकडा किरकोळ वाटतो, पण डबा ८० सेंटीमीटर खोल पाण्यात धरल्यावर झाकणावर जेवढा जोर येतो, तेवढा हा जोर आहे. नेमकं तेव्हाच झाकणाच्या खोबणीत पाणी साचलेलं असतं. डबा ते आत ओढून घेतो. म्हणून जागा सावलीची हवी, आणि झाकणाला दाबून बसणारी रिंग हवी. नुसतं घट्ट बसणारं झाकण पुरत नाही.

दुसरं कारण म्हणजे माणूस. डबा उघडणारा अनोळखी असतो, त्याचे हात ओले असतात आणि तो घाईत असतो. झिप पिशवीचा कोपरा झाकणाखाली एक मिलिमीटर जरी अडकला, तरी तिथून पाणी झिरपत राहतं. वाळूचा एक कण किंवा गवताची काडी रिंगवर राहिली तरी तेच. त्यामुळे डबा सामानापेक्षा निदान दीडपट मोठा घ्या. ठासून भरलेला डबा कुणीच नीट बंद करत नाही.

मध्यम आकारासाठी, म्हणजे अर्धा ते दोन लिटर, चारही बाजूंना लॉक आणि झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्यावा. दुकानातच रिंग नखाने उचलून बघा: ती पोकळ, मऊ आणि सलग हवी, सांध्यावर चिकटवलेली नको. अशा डब्याचं दुखणं रिंगमध्ये नसतं, लॉकच्या पातळ बिजागरीत असतं. सतत ऊन लागलं की ती पांढुरकी पडते आणि एक दिवस कटकन तुटते.

जास्त काळ ठेवायचा असेल तर माझी पसंती रसायनं भरायच्या जाड एचडीपीई (एक टणक प्लास्टिक) बरणीला. तोंड रुंद, आट्यांचं झाकण, आत वेगळं बूच किंवा वॉशर. ती फक्त एकाच रीतीने बंद होते, त्यामुळे चूक व्हायला वाव कमी. वापरलेली बरणी मात्र घेऊ नका, नवीच घ्या.

अगदी छोट्या कॅशसाठी सोड्याच्या बाटलीचा प्रिफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी. झाकण वायूचा दाब सहन करायलाच बनवलेलं असतं. वहीऐवजी कागदाची गुंडाळी ठेवा, आणि ती बाहेर ओढायला दोरा बांधा. फोटो रोलच्या जुन्या डब्या, चुंबकाची सरकत्या झाकणाची किल्लीपेटी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, जेवणाचा स्टीलचा डबा हे सगळं पावसाळ्यात बाद. काच तर नकोच.

अमेरिकेत दारूगोळ्याची रिकामी लोखंडी पेटी सर्वांत आवडती आहे, आणि रबरी गॅस्केटमुळे ती खरोखर उत्तम टिकते. पण आपल्याकडे लष्करी दिसणारी बेवारस पेटी म्हणजे पोलिसांना आमंत्रण. डबा पारदर्शक ठेवा, बाहेरून ‘खेळाचा डबा, धोका नाही’ असं मराठीत लिहा, संपर्क क्रमांक द्या. एसटी स्टँड, रेल्वे, शाळा, धरण यांच्या आसपास ठेवूच नका. वनखात्याची जमीन किंवा संरक्षित किल्ला असेल तर आधी परवानगी घ्या.

‘आयपी६७’ (धूळ-पाणी आत न शिरण्याचं मानांकन) छापलेलं दिसलं तर भाळू नका. ती चाचणी नव्या रिंगसह, नीट बंद केलेल्या डब्याची, १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते.

घरी परीक्षा अशी घ्या. टिश्यू पेपरवर पाण्याने पसरणाऱ्या स्केचपेनने रेघा मारा, तो कोरड्या डब्यात ठेवा, सोबत दगड. डबा बंद करून तासभर उन्हात तापवा आणि तसाच गार पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवा. सकाळी आधी बाहेरून पूर्ण पुसा, मग उघडा. रेघ जरा जरी फुटली असेल तर तो डबा धान्याला ठेवा.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीवर लोक फार विसंबतात. पावसाळ्यातल्या एक लिटर हवेत जेमतेम २५ मिलिग्रॅम बाष्प असतं. ५ ग्रॅमची पुडी साधारण १ ग्रॅम पाणी घेते, म्हणजे झाकण उघडून आत येणाऱ्या दमट हवेला ती बऱ्याच वेळा पुरते. पण चमचाभर पाणी शिरलं की संपलं, मग तीच पुडी ओल धरून बसते. वहीला एकच झिप पिशवी पुरे. पेन्सिल आखूड, पिशवीच्या बाहेर. टोक पिशवीला भोक पाडतं. जेल पेन नको. चिठ्ठी लॅमिनेट करत असाल तर कागदाभोवती ५ मिलिमीटर प्लास्टिक सोडून कापा, नाहीतर कडेने पाणी चढतं. खाऊ, उदबत्ती, वासाचे खोडरबर आत नको. मुंग्या, उंदीर आणि वानरं झाकणाची पर्वा करत नाहीत.

ठेवताना खड्डा खणू नका. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मरने अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये ठेवलेली जगातली पहिली जिओकॅश, म्हणजे एक बादली, अर्धवट पुरलेली होती. आजच्या नियमांत ती बसली नसती. शिवाय पावसाळ्यात खड्डा म्हणजे टाकीच. पाणी वाहून जाईल अशा उतारावर, खडकाच्या कपारीत, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. आट्यांची बाटली टांगायची असेल तर तोंड खाली. मेअखेर रिंग काढून साध्या पाण्याने धुवा, खोबणी पुसा. रिंग दबून चपटी झाली असेल तर बदला. तिला व्हॅसलीन चोळू नका, त्याला धूळ चिकटते.

एका दुपारचा सोसायटीतला ट्रेझर हंट असेल तर यातलं काहीच लागत नाही. लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या आणि घरातले लॉकचे डबे पुरतात. फक्त खेळ संपल्यावर सगळे डबे मोजून परत आणा.