बडोद्याहून केडगावच्या मुक्ती मिशनला प्रार्थनेसाठी जायचंय. १९०५ साली तिथं नेमकं काय घडलं होतं?

अवश्य जा. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये झालेल्या ख्रिस्ती धर्मजागृतीची बातमी ऐकून, निराधार स्त्रिया-मुलींसाठी हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये रोजची खास प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला ७० जणी होत्या, जूनपर्यंत ५५० झाल्या! जूनअखेर मुली रडत पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास मोठ्यानं प्रार्थना चालल्या. मग त्याच मुली गटागटानं आसपासच्या गावांत येशूची सुवार्ता (शुभसंदेश) सांगायला निघाल्या. मला हेच सर्वांत मोठं वाटतं, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचवलेल्या होत्या. १९०० च्या दुष्काळात तर रमाबाईंनी आपल्या गुजरातमधूनही शेकडो मुली नेल्या होत्या.

पुण्याहून दौंडकडच्या गाडीनं केडगावला उतरा. आजही तिथं स्त्रिया आणि मुलं राहतात, म्हणून आधी कळवूनच जा.