वाचकांचे प्रश्न : उटण्यातली जटामांसी येते कुठून?

मागच्या अंकात नेपाळच्या डोंगरातली गावं जंगलातल्या वनस्पतींपासून तेल काढण्याच्या भट्ट्या कशा चालवतात यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार निवडलेत.

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट दरवर्षी दिवाळीला उटणं करतो. जटामांसी काष्ठौषधीच्या दुकानातून आणतो, यंदा दुकानदार म्हणाला माल कमी येतोय आणि भावही वाढलाय. तुमचं वाचून वाटलं की आपणच हे झाड संपवत नाही ना? वापरणं बंद करू का, की मुळाऐवजी तेल घालू? (सातारा)

उत्तर : ताई, आधी एक दुरुस्ती, जटामांसी हे झाड नाही, वीत-दोन वीत उंचीचं रोप आहे. हिमालयात साधारण 3,000 ते 5,000 मीटरवर वाढतं, म्हणजे आपलं कळसूबाई जिथे संपतं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर याची सुरुवात होते. तिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ, त्यामुळे वाढ फार सावकाश. आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं मूळ. पान तोडलं तर रोप पुन्हा फुटतं, मूळ उपटलं की गेलं, एवढी साधी अडचण आहे. म्हणूनच 1997 पासून जटामांसी साइट्स करारात आहे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर परवाना लागतो, आणि आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ती 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे. तेव्हा तुमची शंका चुकीची नाही.

पण ती संपतेय ती तुमच्या उटण्यामुळे असं म्हणणं जरा अन्याय होईल, गोष्ट जरा लांबची आहे. नेपाळच्या वायव्य टोकाला हुमला जिल्हा आहे, सिमीकोट त्याचं मुख्य ठिकाण, वर्षानुवर्षं तिथे जायला धड रस्ता नव्हता, लहान विमान नाहीतर पाय. तिथल्या माणसाकडे विकण्यासारखं काय, तर मेंढ्या आणि जंगलातलं मूळ. व्यापाऱ्याने आधीच उचल दिलेली असायची, मग तो म्हणेल तो भाव. शंभर किलो मूळ खेचरावर लादून खाली आणायचं, आणि त्यात तेल किती तर किलो-दोन किलो! बाकी सगळा चोथा वाहून आणण्यात जनावर आणि माणूस दोघंही दमायचे. तर १९९० च्या दशकात तिथे हुमला ऑइल नावाची कंपनी उभी राहिली. काठमांडूची अन्साब ही संस्था, जी 1992 पासून याच विषयात काम करते, तिची मदत होती. कल्पना काय, तर भट्टी डोंगरातच लावायची, चोथा तिथेच राहू दे, खाली फक्त कॅन जाईल. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, भट्टी कुठे आहे. ती गावात असली की भाव ठरवताना गावाला थोडं तरी बोलता येतं, बाजारात असली की गाव फक्त हमाल. नेपाळ सरकारनेही पुढे जटामांसीचं कच्चं मूळ प्रक्रिया केल्याशिवाय देशाबाहेर न्यायला मनाई केली, त्याचाही भट्ट्यांना उपयोग झाला.

आता 'शाश्वत' म्हणजे नक्की काय करतात, कारण हा शब्द हल्ली साबणावर पण असतो. एक, बी गळून पडेपर्यंत खणायचं नाही, म्हणजे पावसाळा सरल्यावरच कुदळ. दोन, सगळं मूळ ओरबाडायचं नाही, तुकडे मातीत परत दाबायचे. तीन, ज्या उतारावर यंदा खणलं तिथे पुढची चार-पाच वर्षं जायचं नाही, दुसरा उतार घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं पण अडतं कुठे माहितीये का, मी थांबलो आणि शेजारच्या गावचा थांबला नाही तर? मग दोघंही श्रावणातच कुदळ घेऊन वर, बी गळायच्या आत. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते ती कशी सगळ्यांनी एकदम पाळली तरच अर्थ असतो, तसंच हे. म्हणून नेपाळमध्ये 1993 च्या वन कायद्याने गावाच्या गटांना जंगल सांभाळायला आणि त्याचे नियम ठरवायला दिलं ते कामी आलं, असे बावीस हजारांहून जास्त गट आहेत तिथे. गट तारीख ठरवतो, कुठला उतार उघडा ते ठरवतो, मोडला तर दंड घेतो. सगळीकडे नीट चालतं असं नाही हां. जटामांसीची कुरणं गावापासून दिवस-दिवसाच्या वाटेवर असतात, तिथे राखण कोण करणार. आणि गटाच्या मीटिंगला ज्याच्याकडे वेळ आणि जमीन तोच बोलतो, खणायला मात्र ज्याच्याकडे काही नाही तो जातो. हे आपल्याकडच्या सोसायट्यांत बघितलंय ना, तेच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बंद करू नका, कमी करा. उटण्याचा वास मुख्यतः नागरमोथा, वाळा, कचोरा यांच्यावर उभा करा, या गोष्टी लागवडीच्या किंवा मुबलक मिळणाऱ्या आहेत, जटामांसी चिमूटभर चालते. तेल उटण्यात घालू नका, पिठाच्या गुठळ्या होतात आणि वास सगळ्यावर चढतो. आणि मूळ घेताना हातात घेऊन बघा, खऱ्या जटामांसीच्या मुळाला तांबूस-तपकिरी केसांचं दाट जाळं असतं, म्हणून तर नाव जटा. भूतकेशी नावाचं दुसरंच मूळ जटामांसी म्हणून खपवतात, तुमच्या दुकानदाराकडे 'माल कमी येतोय' म्हणजे हेही असू शकतं.

प्रश्न : अन्नपूर्णा ट्रेकहून परत येताना काठमांडूत विंटरग्रीन तेलाची बाटली घेतली, 'समुदायाने बनवलेलं, नैसर्गिक' असं लिहिलेलं. घरी उघडली तर निव्वळ बामाचा वास! मुलगी म्हणते बाबा तुम्हाला केमिकल विकलं. फसलो का? (पुणे)

उत्तर : काका, मुलीला सांगा उलटं आहे, तेलाला बामाचा वास नाही, बामाला या तेलाचा वास आहे. गुडघ्याला, पाठीला चोळायची जी मलमं आणि स्प्रे असतात त्यातल्या बऱ्याच जणांत मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि विंटरग्रीन तेल जवळजवळ तेच असतं, पंच्याण्णव टक्क्यांच्या वर. आपल्याकडे आयुर्वेदिक दुकानात 'गंधपुरा तेल' म्हणून मिळतं तेही हेच. ते ज्या झुडपाच्या पानांतून काढतात त्याला नेपाळीत धसिंगरे म्हणतात. निलगिरीत पण होतं ते, उटीला गेलात तर निलगिरी तेलाच्या शेजारी याची बाटली असतेच.

मी हे तेल काढताना पहिल्यांदा नेपाळच्या दोलखा जिल्ह्यात चरिकोटच्या वरच्या अंगाला बघितलं होतं. भट्टी म्हणजे तरी काय, स्टीलची मोठी टाकी, खाली जाळ, वरून नळी, नळी थंड पाण्यातून जाते आणि पुढे टपटप. आपल्या माणसाला बघताक्षणी हातभट्टीच आठवते, मला तरी तीच आठवली आणि मी तसं बोलूनही गेलो, भट्टीवाला हसला पण त्याच्या बायकोला नाही आवडलं. गंमत अशी की पानं तोडून लगेच उकळत नाहीत, आधी पाण्यात भिजत घालतात. तोडलेल्या पानाला फारसा वास नसतो, कारण तो वासाचा पदार्थ साखरेला बांधलेला असतो, भिजल्यावर पानातलंच एन्झाइम ती गाठ सोडतं आणि मग सुटतो बामाचा घमघमाट. घाईत ही पायरी गाळली तर लाकूड जळतं आणि तेल येत नाही. दुसरी गंमत, मी काचेच्या भांड्यात वर तरंगणारं तेल शोधत होतो, म्हणजे आपल्या डोक्यात तेल पाण्यावर तरंगतं हेच बसलेलं ना, तर तिथल्या मुलाने बोट खाली दाखवलं. हे तेल पाण्याहून जड! तळाशी बसतं आणि खालच्या तोटीने काढतात. शंभर किलो पानांमागे अर्धा किलो, फार तर थोडं वर.

इथे पान तोडायचं असल्यामुळे जंगलाला जटामांसीसारखा धोका नाही, झुडूप पुन्हा फुटतं, फक्त एकाच झुडपाला दरवर्षी नागडं करायचं नाही. खरा धोका भट्टीच्या जळणाचा. तेल 'शाश्वत' आणि त्यासाठी जाळलेलं लाकूड कुठलं ते विचारायचंच नाही, असा कारभार बऱ्याच ठिकाणी असतो. चांगल्या भट्टीत उकळून झालेला पाला वाळवून परत जाळात घालतात आणि चूल बंदिस्त असते. 2005 मध्ये दोलखा आणि बझाङ जिल्ह्यांतल्या गावगटांच्या जंगलांना एफएससीचं, म्हणजे जंगल नीट सांभाळल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, नेपाळमधलं पहिलंच, त्यात तपासनीस जंगल बघतो, नुसती बाटली नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, फसलात का. नाकाने कळणार नाही, मलाही कळत नाही. मिथाइल सॅलिसिलेट कारखान्यात सॅलिसिलिक ॲसिड आणि मिथेनॉलपासून फार स्वस्तात बनतं आणि रेणू तोच. साध्या टेस्टलाही ते पकडणं अवघड, कार्बन-14 मोजावा लागतो, कारण कारखान्यातला माल खनिज तेलातून आलेला असतो आणि त्यात कार्बन-14 उरलेलाच नसतो. ही टेस्ट एका बाटलीसाठी कोण करणार? आणि डोंगरातल्या गावांचं दुखणं पण हेच, त्यांची स्पर्धा दुसऱ्या गावाशी नाही, कारखान्याच्या पिंपाशी आहे. जो खरेदीदार कागद बघून, भट्टी बघून जास्त पैसे देतो तोच त्यांना परवडतो. मी स्वतः एकदा टुरिस्ट दुकानातून जटामांसीचं तेल घेऊन आलो, घरी कागदावर एक थेंब टाकला, दुसऱ्या दिवशी वास गेला आणि तेलकट डाग मात्र तसाच, म्हणजे कुठलंतरी खायचं तेल मिसळलेलं. ही कागदाची परीक्षा तुम्हीही करा, शुद्ध विंटरग्रीन उडून जातं. त्याने कारखान्याचा माल ओळखू येत नाही, पण भेसळीचं गोडेतेल ओळखू येतं.

आणि हे मात्र नीट वाचा. ही बाटली नातवंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. एक चमचा विंटरग्रीन तेल म्हणजे वीसएक ॲस्पिरिनच्या गोळ्या एकदम पोटात गेल्यासारखं, लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. बाटलीवर गोड हिरवं पान छापलेलं असतं म्हणून सांगतोय. चोळताना पण खोबरेल तेलात थोडंसं मिसळून चोळा, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

प्रश्न : झोप येत नाही. जटामांसीच्या तेलाचे दोन थेंब दुधातून घेतले तर चालतील का? (नागपूर)

उत्तर : नाही. चूर्ण वेगळं, काढा वेगळा, आणि शंभर किलोतून किलोभर निघालेलं तेल वेगळं. उशीवर एक थेंब टाकून बघा हवं तर, पण आधीच सांगतो वास ओल्या मोज्यांसारखा आहे, घरातले बोलतील.

प्रश्न : आमच्याकडे डोंगरात तिरफळाची झाडं भरपूर आहेत. गावातल्या आम्ही आठ-दहा पोरांनी मिळून नेपाळसारखी भट्टी टाकावी म्हणतोय. सबसिडी पण मिळेल असं ऐकलंय. चालेल का? (सावंतवाडीजवळून)

उत्तर : मित्रा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण बहुतेक लोक 'जटामांसी सह्याद्रीत लावता येईल का' असं विचारतात, आणि ते होणार नाही. तिरफळ मात्र योग्य आहे. नेपाळमध्ये टिमुर म्हणून जे मिळतं ते तिरफळाचं सख्खं चुलतभावंड, एकाच कुळातलं, तिथे लोणच्यात घालतात आणि त्याचं तेल काढून परदेशी पाठवतात. फळ काढायचं असल्याने झाड मरत नाही. फक्त दोन्हीकडे खोड एकच, काटे! काट्यांना कंटाळून लोक फांदीच तोडून खाली आणतात आणि पुढच्या वर्षी फळ अर्धं.

पण सबसिडीवरून सुरुवात करू नकोस, प्लीज. सबसिडीने भट्टी येते, गिऱ्हाईक येत नाही. भट्टी वर्षातले थोडेच महिने चालते, बाकी वेळ ती गंजते, नेपाळमध्येही अशा बंद पडलेल्या टाक्या आहेत. खरेदीदाराला एकसारखा माल हवा असतो, या वर्षीचं तेल आणि पुढच्या वर्षीचं तेल जीसी रिपोर्टमध्ये (तेलात कुठला घटक किती ते सांगणारी लॅबची तपासणी) जुळलं पाहिजे, आणि तो एका किलोसाठी तुझ्या गावात येणार नाही.

दुसरं, ती झाडं कोणाची आहेत ते आधी बघ. खासगी बागेतली असतील तर मालकाशी बोल. वनखात्याच्या जागेतली असतील तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने सामूहिक हक्काचा दावा केलाय का ते विचार. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाला हा हक्क 2009 मध्ये मिळाला आणि 2011 पासून ते आपला बांबू स्वतःच्या वाहतूक पासवर विकायला लागले. तो कागद हातात नसताना भट्टी टाकलीत तर पहिला ट्रक नाक्यावर अडेल. आणि कागद असला तरी आधी कोणी किती काढायचं हे ग्रामसभेत लिहून घ्या. सह्याद्रीत नरक्या नावाच्या झाडाचं काय झालं आठवतंय ना, कॅन्सरच्या औषधासाठी मागणी आली आणि कोणाचाच नियम नव्हता, झाडं बुंध्यापासून गेली.

या हंगामात एवढंच कर. दहा-बारा किलो फळं आकडीने काढ, बी वेगळं करून टरफलं सावलीत वाळव, तेल टरफलात असतं. मग गवती चहाचं तेल काढणारा जवळपास कोणी असेल त्याच्या भट्टीत एक घाणा लाव, भाडं घेईल तो, दे. निघेल ते तेल मापून ठेव, पन्नास मिली लॅबला पाठव, आणि रिपोर्ट घेऊन दोन मसालेवाले आणि एक अत्तरवाला यांना भेट. तिघांनीही फोन उचलला नाही तर तुमचे फक्त दहा किलो गेले. आणि सगळी टरफलं भट्टीत घालू नका, बांगड्याच्या तिखल्याला थोडी ठेवा.